वाचकांचे प्रश्न : इंजेक्शन चालू आहे, तरी पीएसए चढतोय

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला आहे. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन आणि दीड वर्षापासून अबिराटेरोन ही गोळी चालू आहे. रक्तातला पीएसए (आजाराचा अंदाज देणारं प्रोस्टेटचं प्रथिन) ०.८ पर्यंत उतरला होता, तो तीन तपासण्यांत ६.४ वर गेला. इंजेक्शन लागू पडत नाही म्हणून बंद करावं का? आणि अबिराटेरोनऐवजी एन्झालुटामाइड घेतलं तर चालेल का?

उत्तर : इंजेक्शन बंद करू नका. आधी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासा. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसीलीटरच्या खाली असेल, तर इंजेक्शन आपलं काम चोख करतंय. कॅन्सरच्या पेशींनीच कमी हार्मोनवर तग धरायला सुरुवात केली आहे. ते थांबवलं तर त्या पेशींना उलट खतपाणीच मिळेल. पुढे कुठलंही औषध आलं तरी हे इंजेक्शन सोबत चालूच राहतं. टेस्टोस्टेरॉन ५० च्या वर निघालं, तर मात्र एखादा डोस लांबला होता का, तो नीट दिला गेला का, हे पाहावं लागेल.

आता गोळी बदलण्याबद्दल. निव्वळ पीएसए वाढला म्हणून औषध बदलायची घाई नको. आधी बोन स्कॅन आणि सीटी करून घ्या आणि दुखणं वाढलंय का ते पाहा. आजार खरंच वाढलेला असेल, तर 'ही गोळी गेली, दुसरी आणा' हा मार्ग सोपा दिसतो, पण बहुतेकदा कमी पडतो. दोन्ही गोळ्या हार्मोनच्या एकाच यंत्रणेवर काम करतात, त्यामुळे एकीला दाद न देणाऱ्या पेशी दुसरीलाही फारशी दाद देत नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अबिराटेरोननंतर एन्झालुटामाइड घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के रुग्णांत पीएसए किमान ३० टक्क्यांनी उतरला. उलट क्रमात हाच आकडा ४ टक्के होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीतले रुग्ण डोसेटॅक्सेल ही किमो आणि एक हार्मोनची गोळी अशा दोन्ही उपचारांतून गेलेले होते. कॅबाझिटॅक्सेल ही किमो घेणाऱ्यांत आजार स्कॅनवर साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, तर गोळी बदलणाऱ्यांत ३.७ महिने.

वडिलांनी डोसेटॅक्सेल घेतलेलं नसेल आणि ते हिंडते-फिरते असतील, तर पहिला विचार त्याचा करा. किमो खरोखरच झेपणार नसेल, तर एन्झालुटामाइड हा दुय्यम पण रास्त पर्याय आहे. पूर्वी फिट आली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि अबिराटेरोन थांबलं म्हणून सोबतची प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी त्याच दिवशी बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायची असते.

प्रश्न : सासऱ्यांना डोसेटॅक्सेल सुरू केलं आहे. पहिल्या डोसनंतर पीएसए आणखी वाढला. पुढचा डोस घ्यावा का? घरी काय सांभाळायचं?

उत्तर : घ्यावा. मरणाऱ्या पेशींमधून पीएसए रक्तात उतरतो, त्यामुळे पहिल्या १२ आठवड्यांत तो वाढून नंतर खाली येऊ शकतो. या काळात स्कॅनवर किंवा तब्येतीत स्पष्ट बिघाड नसेल, तर नुसत्या आकड्यावर उपचार सोडायचा नसतो.

नेहमीचा डोस शरीराच्या दर चौरस मीटरला ७५ मिलीग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, तासाभराच्या सलाईनमधून. अंगावर सूज आणि ॲलर्जी टाळण्यासाठी आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं जातं. त्या गोळ्या घरी घ्यायच्या असतील तर वेळ चुकवू नका. पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात तळाला जातात. तेव्हा ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. दुसरी खूण बोटांची. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला, चप्पल पायातून निसटलेली कळेना, तर नसांवर परिणाम होतोय. पुरुषमंडळी हे सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनीच लक्ष ठेवून पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. वेळीच डोस कमी केला तर नुकसान वाढत नाही.

प्रश्न : गोळी झाली, किमो झाली. आता ल्युटेशियमबद्दल ऐकतोय. ते कोणालाही देता येतं का?

उत्तर : नाही. हे औषध पेशीवरच्या पीएसएमए नावाच्या प्रथिनाला चिकटून तिथल्या तिथे किरणोत्सर्ग करतं. म्हणून आधी पीएसएमए पेट स्कॅन हवा. गाठी त्यात ठळक उजळल्या पाहिजेत. सीटीवर मोठी दिसणारी यकृतातली गाठ या स्कॅनवर काळोखी राहिली, तर औषध तिथे पोचणारच नाही, बाकीची हाडं कितीही उजळोत. रिपोर्ट वाचताना नेमका हाच मुद्दा विचारा.

डोस ७.४ गिगाबेकरेल (किरणोत्सर्गाचं माप), दर सहा आठवड्यांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. गोळी आणि किमो दोन्ही झालेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मध्यक आयुर्मान ११.३ वरून १५.३ महिन्यांवर गेलं. तोंड कोरडं पडण्याचा त्रास दहापैकी जवळपास चौघांना होतो. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) प्रत्येक डोसआधी बघतात. लघवी अडत असेल तर ते आधी मार्गी लावावं, कारण औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. सुरुवातीचे काही दिवस लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवायचं, वेगळं झोपायचं, बसून लघवी करायची आणि दोनदा फ्लश करायचं. नेमके किती दिवस, ते न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लिहून देतो.

आजार फक्त हाडांत असेल आणि दुखत असेल, तर रेडियम-२२३ हे हाडांत जाऊन किरणोत्सर्ग करणारं औषध हाही पर्याय आहे : चार आठवड्यांच्या अंतराने सहा इंजेक्शनं. यात पीएसए फारसा उतरत नाही, म्हणून 'लागू पडलं नाही' असं समजून लोक मध्येच सोडतात. अबिराटेरोनसोबत मात्र ते सुरू करू नये. हाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं.

प्रश्न : बाबांची जनुकीय चाचणी करायला सांगितली आहे. या वयात तिचा काय उपयोग?

उत्तर : वयाचा इथे संबंध नाही. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांमध्ये, विशेषतः दुसऱ्यात, दोष सापडला तर ओलापारिबसारखी गोळी उपयोगी पडते (३०० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा). हार्मोनच्या गोळीला न जुमानणाऱ्या आजारातही ती काम करते. मुख्य त्रास हिमोग्लोबिन उतरण्याचा; काहींना मध्येच रक्त चढवावं लागतं.

चाचणी अडते ती नमुन्यापाशी. हाडाचा तुकडा काढला तर तो मऊ करायला आम्ल वापरतात आणि त्यात डीएनए खराब होतो. बायोप्सीआधीच 'जनुकीय तपासणी करायची आहे' असं पॅथॉलॉजी विभागाला कळवायला सांगा. मेणात जपलेल्या फार जुन्या तुकड्यातूनही (ब्लॉक) कधी उत्तर मिळत नाही. अशा वेळी रक्तातून ट्यूमरचा डीएनए तपासता येतो. आणि दोष जन्मजात निघाला, तर तो तुमच्यातही असण्याची शक्यता निम्मी. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरच्या दृष्टीने तुम्ही स्वतः सल्ला घ्या.

प्रश्न : हाच आजार असलेल्या भावाची कंबर दोन दिवसांपासून जास्त दुखतेय, चालताना पाय लटपटतात. तपासणीची तारीख दहा दिवसांनी आहे.

उत्तर : थांबू नका, आजच न्या. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते. संपूर्ण मणक्याचा एमआरआय २४ तासांच्या आत व्हायला हवा. डेक्सामेथासोन आणि त्यानंतर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन, हे रुग्ण चालत असतानाच सुरू झालं तर पाय वाचतात. लघवी तुंबणं किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा असेल, तर तेही दारातच सांगा.

प्रश्न : काकांना हाडांसाठी दर महिन्याला झोलेड्रॉनिक ॲसिड चालू आहे. दाढ काढायची आहे. काढली तर चालेल?

उत्तर : कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. या औषधावर (आणि डेनोसुमॅबवरही) दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन्महिने भरत नाही, असं काहींच्या बाबतीत होतं. रूट कॅनॉलने भागत असेल तर ते बरं. काढावीच लागली तर दंतवैद्य आणि कॅन्सरतज्ज्ञ यांनी मिळून औषधाची वेळ ठरवावी. ज्यांचं औषध अजून सुरू व्हायचंय, त्यांनी दात आधीच दाखवून घ्यावेत.