वाचकांचे प्रश्न : कल्पित राजघराण्याची बखर

प्रश्न : युरोपीय धाटणीच्या कल्पित राज्याचा तीनशे वर्षांचा इतिहास रचतो आहे. युद्धं आहेत, बंडंही आहेत, पण सगळं सुटंसुटं वाटतं. कुठे चुकतंय?

उत्तर : बहुधा खजिन्यात. लढाया रंगवताना सैन्याचा पगार कुठून आला, हेच राहून जातं. इंग्लंडचा पहिला चार्ल्स १६२९पासून अकरा वर्षं पार्लमेंट न बोलावता राज्य करत होता. स्कॉटलंडशी युद्ध जुंपलं, पैसा संपला, नव्या करांच्या मंजुरीसाठी १६४०मध्ये पार्लमेंट बोलवावंच लागलं आणि १६४२मध्ये यादवी पेटली. युद्ध, कर्ज, कर, मग बंड : तुमच्या प्रत्येक युद्धामागे ही साखळी लावून पाहा.

दुसरी जागा वारसाहक्काची. नियम आधी ठरवा, मग राजे मारा! ब्रिटनच्याच राजाकडे असलेल्या हॅनोव्हर या जर्मन राज्यात घराण्यात पुरुष असेपर्यंत स्त्रीला गादी नव्हती. म्हणून १८३७मध्ये व्हिक्टोरियाला ब्रिटन मिळालं, हॅनोव्हर मात्र काकाकडे गेलं.

वंशावळीत जन्मसालं लिहाच. सरासरी वीस वर्षांची कारकीर्द धरली तर पंधरा राजे लागतात. नुसती राज्यारोहणाची सालं मांडली, की हमखास एखादा राजा दहाव्या वर्षी बाप होतो.