चार वर्षांपूर्वीची लस आता हृदयावर उलटेल का?

सांगली-मिरजेकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून 2024 च्या उन्हाळ्यापासून कोरोनाच्या लशीबद्दल एक प्रश्न हटकून येतो: 'दोन डोस घेतलेत, आता काही होईल का?' त्या एप्रिलच्या अखेरीस बातमी आली होती. ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात दिलेल्या कागदांत मान्य केलं होतं की त्यांच्या लशीमुळे अगदी क्वचित रक्ताच्या गुठळ्यांचा आजार होऊ शकतो. आपली कोव्हिशिल्ड म्हणजे तीच लस, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. पुढे 2025 च्या मे महिन्यात नव्या व्हेरिएंटच्या बातम्या आल्या, जुलैत कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या हार्ट अटॅकच्या. दर वेळी हा प्रश्न नव्याने उकरला गेला.

संजय (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन आले. वय 41, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. गल्लीतला एक तिशीतला मुलगा क्रिकेट खेळताना कोसळून गेला आणि त्या रात्रीपासून यांची झोप उडाली. कोरोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून निघाला आणि दुकानातल्या ड्रॉवरमध्ये जाऊन बसला. सौदे चालू असताना हा माणूस टेबलाखाली बोट घालून आकडा बघायचा. नाडी 104 दिसली की छाती धडधडायची, धडधडली की पुन्हा बोट. एका शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली दोनदा वजा झाली, मालक तापले, तेव्हा बायकोने ओढून आणलं.

असा माणूस समोर आला की आधी तपासणी, मग बोलणं. छातीच्या मधोमध दाब, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, घाम, चढ चढताना दम लागून थांबावं लागणं, यातलं काही असेल तर समुपदेशन बाजूला ठेवून हॉस्पिटल गाठायचं, गरज पडली तर 108 ला फोन करायचा. संजयना यातलं काही नव्हतं. पण त्यांनी डॉक्टरांना न विचारता लॅबमध्ये जाऊन डी-डायमर करून घेतली होती. मर्यादा 500, आकडा 610. तो कागद घडी घालून पाकिटात.

ही तपासणी हल्ली फार लोक आपल्या मनाने करून घेतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. गुठळी विरघळताना जे तुकडे रक्तात उतरतात, ते डी-डायमर मोजते. पण ताप, जखम, सूज, ऑपरेशन, बाळंतपण, वाढतं वय, कशानेही आकडा वर जातो. गुठळीचा संशय असलेल्या रुग्णात 'गुठळी नाही' हे ठरवायला ती उपयोगी. लक्षण काही नसताना थोडा वाढलेला आकडा कशाचाच पुरावा होत नाही. फिजिशियनने ईसीजी काढला, प्लेटलेट मोजल्या, दोन्ही ठीक. बीपी मात्र दोन वेगळ्या दिवशी 150 च्या वर आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. शिवाय दिवसाला चार-पाच पुड्या तंबाखू-सुपारीचा मावा. चाळिशीतल्या हृदयाला खरा धोका या कागदावर होता, आणि तो कागद त्यांनी पाकिटात ठेवला नव्हता.

दुसरं काम तारखांचं. कोविन पोर्टलवर जुना मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की सर्टिफिकेट निघतं. लशीचं नाव आणि तारखा त्यावर असतात. एका कागदावर चार रकाने आखायचे: डोसची तारीख, त्यानंतरच्या 42 दिवसांत काय झालं, आत्ताचा त्रास कधी सुरू झाला, आणि त्या आठवड्यात काय पाहिलं-वाचलं. संजयचा पहिला डोस जून 2021, दुसरा सप्टेंबरमध्ये, बूस्टर ऑगस्ट 2022. दुसऱ्या रकान्यात एक दिवस ताप आणि दंड दुखणं. तिसऱ्यात जुलै 2025. चौथ्यात तो मुलगा, हासनची बातमी आणि रोज रात्री रील. तिसरा रकाना पहिल्याला कुठेच चिकटत नव्हता, चौथ्याला मात्र दिवसावार चिकटत होता. हे त्यांना सांगावं लागलं नाही. रोज हिशेब जुळवणारा माणूस.

42 दिवसच का? लशीनंतरच्या त्या गुठळ्यांच्या आजारात शरीर प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. त्याने प्लेटलेट घटतात आणि मेंदूच्या किंवा पोटाच्या शिरांत गुठळी धरते. हे साधारण चौथ्या दिवसापासून सहा आठवड्यांत घडतं, बहुतेक वेळा पहिल्या डोसनंतर. हार्ट अटॅकचं गणित वेगळं: हृदयाच्या रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं साठलेला चरबीचा थर तडकतो आणि तिथे रक्त गोठतं. दोन्हीकडे 'गुठळी' हा शब्द येतो म्हणून रील बनवणारे दोन्ही एकत्र कालवतात. त्यात परदेशी व्हिडिओंची भर. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींनंतर, मुख्यतः तरुण पुरुषांत, काही दिवसांतच हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या क्वचित घटना खऱ्या आहेत. पण त्या लशी आपल्या मोहिमेत नव्हत्याच.

अचानक मृत्यूंबद्दल आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. 47 रुग्णालयं, 18 ते 45 वयाचे, कारण न सापडलेले 729 मृत्यू आणि तुलनेला 2,916 जिवंत माणसं. लशीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: कोरोनात ॲडमिट व्हावं लागणं, घरात कुणी अचानक गेलेलं असणं, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू, नशा किंवा जबर व्यायाम.

एवढं झाल्यावर बरेच समुपदेशक मोकळे होतात. गडबड नेमकी इथे होते. संजयनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते बरोबर हाय. पण मग आमाला तवाच का न्हाय सांगितलं?"

हा प्रश्न आजाराच्या भीतीचा नाही. फसवलं गेल्याचा आहे. भीतीला तारखा आणि तपासण्या उत्तर देतात; फसवणुकीच्या भावनेला ईसीजी दाखवून काही होत नाही. उलट माणूस म्हणतो, हेही त्यांच्यातलेच. आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही की तो पहिल्याचं सोंग घेऊन परत येतो, पुन्हा छाती धडधडते. म्हणून हे दोन धागे सुटे करून दोन वेगळ्या बैठकांना घ्यावे लागतात.

दुसऱ्या बैठकीत जे खरं आहे ते आधी कबूल करायचं. 3 जानेवारी 2021 ला कोव्हॅक्सिनला आणीबाणीची परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्यातल्या परिणामकारकतेचे आकडे आले नव्हते, आणि त्यावर डॉक्टरांनीही टीका केली होती. कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी 4 ते 6 आठवडे, मग 6 ते 8, मग मे 2021 मध्ये 12 ते 16 झालं. याला शास्त्रीय आधार होता, पण लशीचा तुटवडाही त्याच महिन्यांत होता. लोकांनी दोन्हीची सांगड घातली तर त्यांना वेडं ठरवता येत नाही. कागदोपत्री लस ऐच्छिक, प्रत्यक्षात मुंबईच्या लोकलचा पास दोन डोसवाल्यालाच. संजयच्या मालकांनीही सर्टिफिकेट आण, मग गादीवर बस, असं सुनावलं होतं. तो सल आजवर कुणी विचारलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 च्या निकालात सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, आणि दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना खुल्या असाव्यात. हे ऐकल्यावर त्यांचे खांदे पहिल्यांदा सैल पडले. प्लेटलेटच्या रिपोर्टने ते झालं नव्हतं.

मग जे खरं नाही ते. गुठळ्यांची गोष्ट 2024 पर्यंत लपवली, हे खरं नाही. युरोपच्या औषध नियामकाने 7 एप्रिल 2021 लाच ती अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून जाहीर केली. आपल्या आरोग्य मंत्रालयाने त्याच वर्षी 17 मे रोजी आकडा दिला: दहा लाख डोसमागे 0.61, आणि डोसनंतर वीस दिवस कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवायचं ते. मात्र तो मे महिना कसला होता ते आठवा. बेड आणि ऑक्सिजन शोधणाऱ्या घरांत ते पत्रक कोण वाचणार? जाहीर केलं होतं, पोचवलं नव्हतं, आणि तक्रार असेल तर ती या पोचवण्याबद्दल असावी. सर्टिफिकेटवरचा पंतप्रधानांचा फोटो मे 2024 मध्ये गेला तो निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे. भावकीच्या ग्रुपवर तोही पुरावा म्हणून फिरत होता.

0.61 म्हणजे किती, हे सांगलीच्या मापाने काढावं लागतं. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 28 लाखांच्या वर होती. प्रत्येकाने एकेक डोस घेतला असं धरलं तर अख्ख्या जिल्ह्यात एक-दोन माणसं. "नोंदी कमी झाल्या असतील," संजय म्हणाले. असतील, जर्मनीत हाच आकडा 10 होता. तो धरला तर 28. तेही पहिल्या सहा आठवड्यांतले. संशयाला वाव ठेवून गणित मांडलं की माणूस स्वतः पेन उचलतो. 'छे, शक्यच नाही' म्हटलं की उठून जातो.

राहिला ऑक्सिमीटर. तो एकदम हिसकावून घेतला तर माणूस गळ्याला बोट लावून नाडी मोजायला लागतो, म्हणून पायऱ्या लावायच्या. पहिला आठवडा फक्त नोंद: किती वाजता बघितलं, आधी काय चाललं होतं. दुसरा आठवडा ठरलेल्या चारच वेळा, धडधडलं तरी मधे नाही. तिसऱ्यात दोन, चौथ्यात एक, मग सेल काढून डबीत. मधे हुक्की आली तर घड्याळ लावून वीस मिनिटं हातातलं काम करायचं; बहुतेक वेळा ती त्याआधीच ओसरते. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. हा सराव भीती आलेली नसताना करायचा, नाहीतर तोही तपासणीच होऊन बसतो. बसल्या जागी नाडी 60 ते 100 असते आणि घाबरल्यावर, चहानंतर, मावा खाल्ल्यावर त्याच्या वर जाते, हे लिहून ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

वहिनींनाही, म्हणजे संजयच्या पत्नीलाही, काम होतं, आणि ते सगळ्यात अवघड. 'काही होत नाही हो तुम्हाला' हे दिवसातून दहादा म्हणणं बंद करायचं. त्या वाक्याने तासभर बरं वाटतं, मग पुढचं लागतं. त्याऐवजी एकच ठरलेलं वाक्य: "याचं आपण रात्री आठला बोलू." आठला पंधरा मिनिटं, मग विषय बंद. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. होतातच.

भावकीच्या ग्रुपवर चुलतभाऊ व्हिडिओ टाकायचे. ग्रुपवर उलट उत्तर देऊ नका, असं सांगितलं. चारचौघांत खोटं ठरलेला माणूस आणखी चार व्हिडिओ शोधून आणतो. समोरासमोर बसून एकच विचारा: "दादा, यातला माणूस कुठला, लस कुठली, डोसनंतर कितव्या दिवशी झालं?" तीन उत्तरं मिळाली तर व्हिडिओ गंभीरपणे घ्यायचा. बहुधा एकही मिळत नाही.

शेवटी वडिलांचा विषय निघाला. वय 72, जुना मधुमेह. "डोस घेऊनबी कोरोना झालाच की, आता नव्या व्हेरिएंटला परत टोचायचं व्हय?" विषाणूच्या काट्यांची ठेवण बदलते, म्हणून जुन्या अँटिबॉडी नीट बसत नाहीत आणि लागण होते. पण शरीराच्या लक्षात विषाणूचे इतर भागही राहिलेले असतात, त्यामुळे बहुतेकांत आजार वरवर जातो. 2025 च्या उन्हाळ्यातले एनबी.1.8.1 आणि एलएफ.7 हे ओमायक्रॉनच्याच वंशातले. तरी बहात्तरीच्या मधुमेहीला तिशीतल्या माणसाचा नियम लावता येत नाही. त्यांच्यासाठी फिजिशियनकडे तीन प्रश्न लिहून दिले: किडनी आणि साखरेचे आकडे पाहता बूस्टरचा फायदा आहे का, फ्लू आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची, ताप आला तर टेस्ट कितव्या दिवशी. जुन्या लशीचा त्रास अजूनही वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा 1800-180-3024 या औषध-दुष्परिणाम हेल्पलाइनवर नोंद करता येते. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस ही सरकारी फोनसेवा, 14416.

संजयची बीपीची गोळी सुरू झाली. मावा दोन पुड्यांवर आलाय. सरकारवरचा राग आहे तसाच आहे. तो घालवणं हे समुपदेशनाचं काम नव्हतं.