नोकरी सांभाळून स्वच्छ तंत्रज्ञान

प्रश्न : कारखान्याच्या देखभाल विभागात पूर्णवेळ नोकरी करतो. स्वच्छ तंत्रज्ञान व्यवस्थापनाचा अर्धवेळ दूरशिक्षण अभ्यासक्रम झेपेल का? प्रकल्प कशावर करावा?

उत्तर : आधी तास मोजा. युरोपीय पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. ५ क्रेडिटचा विषय १५ आठवड्यांत संपवायचा तर आठवड्याला ८ ते १० तास हवेत. पहिल्या सत्रात एकच विषय घ्या.

गाडी अडते ती बहुधा प्रकल्पाशी. कंपनीचे आकडे वापरायची लेखी परवानगी प्रवेश घेतल्याबरोबर मागा. १२ महिन्यांची वीजबिले आणि मासिक उत्पादनाचे आकडेही. नुसत्या बिलांवर विसंबलात तर फसाल, कारण उत्पादन घटले तरी युनिट कमीच दिसतात. नगामागे युनिट काढा.

प्रकल्पाच्या विषयासाठी तुमच्या हाताशी कारखान्यातले हवेचे मोठे पंखे असतीलच. डँपर (हवेचा मार्ग कमीजास्त करणारी झडप) अर्धवट मिटून चालवलेल्या पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून वेग ८० टक्क्यांवर आणला, तर शक्ती ०.८ च्या घनाइतकी, म्हणजे पूर्ण वेगाच्या सुमारे ५१ टक्के लागते (ड्राइव्हचा तोटा वेगळा). उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला मात्र हा नियम सरसकट लावू नका. उंचीचा दाब वेग कमी केल्याने घटत नाही, त्यामुळे बचत बरीच कमी निघते. परीक्षक नेमके इथेच पकडतात.