धरण आटलं की विजेचं बिल का वाढतं?

प्रश्न : वीज नियामक आयोगाने वर्षाचा दर ठरवून दिलेला असतो, तरी बिलातला ‘इंधन समायोजन आकार’ दर महिन्याला बदलतो. वायरमन म्हणतो, कोयनेत पाणी कमी आहे. एनटीपीसी या केंद्राच्या वीज कंपनीचा प्रकल्प आमच्या दाराशी असताना कोयनेशी आमचा संबंध काय?
– यंत्रमागधारक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : वायरमनचं म्हणणं अर्धं खरं आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६२(४) प्रमाणे दर एका आर्थिक वर्षात साधारणपणे एकदाच बदलता येतो, पण इंधन अधिभाराच्या सूत्राने होणारा बदल त्यातून वगळलेला आहे. वीज खरेदीचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक त्या वाटेने बिलात येतो. कोळसा, रेल्वेभाडं आणि पाण्याची तूट, तिन्ही त्यात एकत्र झालेली असतात.

आता कोयना. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९०० मेगावॅटहून जास्त आहे, पण तिला मर्यादा यंत्रांची नाही, पाण्याची आहे. १ जून ते ३१ मे या जलवर्षात पश्चिमेकडे वळवून वीज करायला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरलेलं आहे. पाणी साधारण ४७५ मीटर खाली पडतं, तेव्हा एका घनमीटरमागे सुमारे १.१ युनिट मिळतं. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, म्हणजे जवळपास ३ कोटी युनिट. आपल्या उजनी धरणात पाणी २५-३० मीटर पडतं, म्हणून तेच घनमीटर जेमतेम ०.०७ युनिट देतं. उजनीचा १२ मेगावॅटचा संच बंद पडला तर राज्याला कळतही नाही, पण कोयनेचे दहा टीएमसी दुष्काळात सिंचनासाठी पूर्वेकडे सोडले तर ३० कोटी युनिटांचा खड्डा पडतो. शेतीला पाणी मिळालंच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण त्या निर्णयाची किंमत वीज ग्राहक भरतो, हे कुणी सांगत नाही.

शिवाय खड्डा पडतो तो नेमका महाग वेळेला. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू होतो, म्हणून तो संध्याकाळच्या जादा मागणीसाठी राखून ठेवतात. त्याच्या जागी वीज बाजारातून घ्यावी लागते, आणि तिथे टंचाईच्या वेळी भाव युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. जलविद्युतचा बराचसा खर्च स्थिर असतो. धरण आणि यंत्रं यांचं भाडं पाणी असो-नसो द्यावंच लागतं.

हिशोब समजण्यापुरते आकडे घेऊ. १०० युनिट खरेदीत ५ युनिट पाण्याचे होते, त्यातले २ बुडाले. ते ६ रुपयांनी घेतले तर १२ रुपये लागले, आणि न बनलेल्या विजेचे वाचले फक्त २ रुपये. निव्वळ बोजा १० रुपये. गळती जाऊन ८५ युनिट विकले गेले, म्हणजे युनिटमागे सुमारे १२ पैसे. तुमचे आठ माग, प्रत्येकी एक अश्वशक्तीची मोटर, दहा तास, २६ दिवस आणि पाऊणपट भार धरला तर महिन्याला ११६० युनिट होतात. १२ पैशांनी १४० रुपये वाढतात, आकार ४० पैसे झाला तर ४६४. त्यावर वीज शुल्क वेगळं.

एनटीपीसीचा प्रकल्प केंद्राचा आहे. त्याची १,३२० मेगावॅट वीज अनेक राज्यांना वाटून दिलेली आहे आणि कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो. चिमणी दिसते म्हणून दर उतरत नाही. पाणीही त्याला उजनीचंच लागतं.

बिल तपासताना आधी महिना बघा. खर्च ज्या महिन्यातला, तो साधारण दोन महिन्यांनी बिलात येतो, म्हणून मेमधल्या टंचाईचा आकार जुलैत, धो धो पावसात दिसतो आणि माणूस चक्रावतो. मग महावितरणचं त्या महिन्याचं परिपत्रक उघडा आणि तुमच्या वर्गवारीचा, घरगुती असेल तर स्लॅबचा दर युनिटांना लावून गुणाकार करा. घरगुती बिलात या आकारावरही १६ टक्के वीज शुल्क लागतं. सगळ्यात जास्त चूक होते ती रीडिंग उशिरा घेतल्याने. दोन महिन्यांचे युनिट एका महिन्याचे धरले की १०० च्या आतला ग्राहक वरच्या स्लॅबमध्ये जातो. स्लॅब महिन्यांच्या प्रमाणात वाटून द्यायला हवा. तो दिला नसेल तर मीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो लावून उपविभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. रकमेवर वाद असेल तर कलम ५६ प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

प्रश्न : छतावर सोलर बसवलं तर हा आकार सुटतो का?
– गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : सोलरने दिलेल्या युनिटांची वजावट होऊन जेवढ्या युनिटांचं बिल येतं, तेवढ्यांवरच तो लागतो. स्थिर आकार मात्र राहतो. सोलापूरच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, पण पॅनेलवर धूळ साचू दिली की ते कमी होतं, म्हणून उन्हाळ्यात पंधरवड्याला सकाळी साध्या पाण्याने धुवा. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. महिन्याला १०० युनिटच्या आत असाल तर तीन किलोवॅट बसवू नका, पैसे अडकून पडतात.

प्रश्न : उजनी मायनसमध्ये गेलं की नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाणी कमी उपसतात, तरी पालिका म्हणते दुबार पंपिंगमुळे विजेचा खर्च वाढला. हे खरं असतं का?
– सोसायटी सचिव, विजापूर रोड

उत्तर : खरं असतं, पण कारण बहुधा चुकीचं सांगितलं जातं. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची, म्हणजे ‘मायनस’ची, सुरुवात ४९१.०३ मीटर. त्याखाली पाणी गेलं की ते आधी तात्पुरत्या पंपांनी उचलून जॅकवेलपर्यंत (मुख्य पंपांच्या विहिरीपर्यंत) आणावं लागतं, मग मुख्य पंप ते शहराकडे ढकलतात. एक एमएलडी (दिवसाला दहा लाख लिटर) पाणी सहा मीटर जादा उचलायला, पंपांची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तरी, ३० युनिटच लागतात. तेच पाणी १०० मीटरच्या दाबाने ढकलायला ७० टक्के कार्यक्षमतेला ३९० युनिट लागतात. म्हणजे दुबार पंपिंग हा मोठा खर्च नाही.

मोठा खर्च तीन ठिकाणी होतो. जॅकवेलमधली पातळी उतरली की मुख्य पंप हवा ओढतात, पंख्याला खड्डे पडतात आणि कार्यक्षमता ७० वरून ५५ वर आली तर तेच ३९० युनिट ४९५ होतात. दुसरं, तात्पुरते पंप जोडल्यावर मंजूर केव्हीए मागणी (एका वेळी घेता येणाऱ्या भाराची मर्यादा) ओलांडली जाते आणि वरच्या भागाला दंडाचा दर लागतो. तिसरं, उच्चदाब ग्राहकाला बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे कामाला आलेल्या युनिटांवर नाही, तर ओढलेल्या एकूण विजेवर. या दोन्हींचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर ०.९८ असताना १०० युनिट कामाला १०२ मोजले जातात, ०.८५ असताना ११८. यातलं एकही दुष्काळाचं अपरिहार्य फळ नाही. तात्पुरत्या पंपांसाठी वाढीव मागणीचा अर्ज फेब्रुवारीत, पातळी उतरण्याआधी करावा. पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनेल तपासावं आणि पंपांचा दाब व प्रवाह मोजून ठेवावा. पाणीपुरवठा विभागाला मागच्या उन्हाळ्याची मे महिन्याची बिलं मागा आणि त्यात ‘कमाल मागणी’ व ‘पॉवर फॅक्टर’ हे दोनच रकाने वाचा.

प्रश्न : मग दर ठरवायचा तरी कसा? पावसावर आणि हवामानावर आमचा काय हात?
– निवृत्त शिक्षक, होटगी रोड

उत्तर : तुमचा हात नाही, पण वीज खरेदी करणाऱ्याला वेळ मिळतो. १५ ऑक्टोबरचा साठा धरून धरणांच्या पाण्याचं नियोजन होतं. कोयनेची तूट त्याच दिवशी कळते, उन्हाळ्याच्या साडेपाच महिने आधी. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी भरलं नाही, तेव्हा पुढचा उन्हाळा कसा जाणार हे ऑक्टोबरमध्येच दिसत होतं. एप्रिल-मेची संध्याकाळची वीज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करार करून घेणं आणि ऐनवेळी बाजारात धावणं, यांतला फरक ग्राहकाच्या माथी मारू नये. आयोगाने मंजुरी देताना हाच प्रश्न विचारावा, असं आमचं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे निधी. २०२० च्या मार्चमधल्या आदेशात आयोगाने इंधन समायोजनाचा स्थिरीकरण निधी ठेवायला लावला होता. स्वस्ताईच्या महिन्यांत उरलेले पैसे त्यात साठवायचे आणि महागाईत वापरायचे. कल्पना उत्तम होती, पण निधी संपल्यावर २०२२ मध्ये आकार पुन्हा थेट बिलात आला. पाण्यासाठी असा वेगळा निधी हवा. चांगल्या पावसाच्या वर्षी पाण्याची वीज अंदाजापेक्षा जास्त बनते, तेव्हाची बचत व्याजासह जमा व्हावी, त्यावर कमाल मर्यादा असावी आणि तूट पडल्यावरच ती उघडावी. बिलात ‘जलतूट’ ही ओळ वेगळी छापावी. १०० युनिटच्या आतल्या घरांना ती लावू नये.

हवामानाचा खर्चही असाच कोळशाच्या दरात बुडून जातो. कोळशावर टनामागे ४०० रुपये उपकर होता, मुळात स्वच्छ ऊर्जेसाठी लावलेला. एका युनिटला ६५० ग्रॅम कोळसा धरला तर २६ पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. १,५०० रुपये टनाच्या देशी कोळशावर पूर्वी ४७५ रुपये कर पडायचा, आता २७० पडतो, म्हणजे युनिटमागे १३ पैसे कमी. ९,००० रुपयांच्या आयात कोळशावर मात्र ८५० चे १,६२० झाले. देशी कोळशावरची ही घट तुमच्या समायोजन आकारात उतरली का, ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

विचारायचं ते सुनावणीत. दरवाढीची याचिका आली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि तिच्यात हरकतीची मुदत असते. याचिका क्रमांक वर लिहा, दोन पानांत तीनच मुद्दे मांडा, प्रत्येकाला आकडा आणि बिलाची प्रत जोडा. मागणी स्पष्ट ठेवा : १५ ऑक्टोबरनंतर किती वीज कोणत्या भावाने आधी करार करून घेतली, आणि किती ऐनवेळी बाजारातून घेतली, हे महिनावार द्या.