कोरफडीचं घरचं जेल पातळच राहतं, नैसर्गिक काय घालून घट्ट करू?

ताई, कॉर्नफ्लोअर घालू का असं विचारलंय तुम्ही. नको. ते शिजवावं लागतं, फ्रीजमध्ये पाणी सोडतं आणि चेहऱ्यावर वाळलं की त्याचे पापुद्रे निघतात. मिक्सरमधून काढलेला गर पाणचट होतो यात तुमचं काही चुकत नाही. पान कापलं की त्यातलीच एन्झाइम्स चिकटपणा मोडायला लागतात. दुकानातलं पारदर्शक जेल बहुतेक वेळा कार्बोमर या घट्टपणा आणणाऱ्या कृत्रिम पदार्थाच्या जोरावर उभं असतं, कोरफडीच्या नव्हे.

मी स्वतः झँथन गम वापरते. नैसर्गिक म्हणजे झाडाचंच, असा हट्ट असेल तर ते चालणार नाही, कारण कोबीची पानं काळी कुजवणारा एक जिवाणू साखर आंबवून ते तयार करतो. 100 ग्रॅम गराला अर्धा ते एक ग्रॅम पुरे. थेट गरात टाकलंत तर गुठळ्या होणारच, बाहेरून फुगलेल्या आणि आत कोरडी पूड, त्या मग काही केल्या फुटत नाहीत. म्हणून आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये कालवा, त्यात ते फुगत नाही. मग गर थोडा थोडा ओतत फेटा आणि दोन तास तसंच राहू द्या. लगेच पातळ वाटलं म्हणून आणखी घालाल, तर शेंबडासारखी तार सुटेल.

किराण्यातूनच भागवायचं तर जवस. विदर्भात त्याला काय तोटा! नागपूरच्या इतवारी बाजारातून चटणीसाठी आणता तेच घ्या, फक्त कुटू नका. चिकटपणा सालीत असतो, कुटलं की तेल सुटतं. दोन चमचे जवस कपभर पाण्यात मंद आचेवर ढवळत राहा. चमच्यावरून थेंबाऐवजी तार लोंबायला लागली की गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळा. गार झालं की फडक्यातून उतरतच नाही.

खरी अडचण टिकवण्याची आहे. हे सगळे चिकट पदार्थ मुळात शर्कराच, म्हणजे बुरशीला आयतं जेवण. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो, तेव्हा जवसाचं जेल ओट्यावर दिवसभरात आंबतं. फ्रीजमध्ये फार तर आठवडा. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घाला असं यूट्यूबवर सांगतात, पण ती तेल खवट होऊ देत नाही इतकंच, जंतूंना तिचं काही वाटत नाही. जंतू रोखायला सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट या टिकवणाऱ्या क्षारांची जोडी चालते, तीही जेल आंबट असेल, पीएच 5 च्या आसपास किंवा खाली असेल तरच, पीएचच्या कागदी पट्टीने तपासा. एवढी खटपट नको असेल तर थोडंच करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून रोज एक वडी काढा.

मेणाचं म्हणाल तर ते तेल घट्ट करतं, पाणी नाही. ते टाचांच्या मलमासाठी राहू द्या. आणि हो, पान कापल्यावर पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, त्यानेच खाज सुटते.