द्राक्षाच्या कंटेनरमधल्या सेन्सरचा डेटा ब्लॉकचेनवर ठेवला तर आयातदार तो मान्य करेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून रॉटरडॅमला द्राक्षं पाठवताना तुम्ही कंटेनरमध्ये तापमानाचे सेन्सर ठेवता. माल खराब निघाला की आयातदार तुमच्या नोंदी मानत नाही. आता एक कंपनी म्हणतेय, सगळा डेटा ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या नोंदींच्या साखळीत) टाका, वाद मिटेल. मी अशाच लॉगरचं (सेन्सरचे आकडे साठवणाऱ्या उपकरणाचं) फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, लिहितो, म्हणून सांगतो: ब्लॉकचेनचा उपयोग आहे, पण तो बराच मर्यादित आहे आणि तिची पाळी सगळ्यात शेवटी येते. पैसे आधी सेन्सरवर घाला.

एकदा लिहिलेली नोंद नंतर कुणी गुपचूप बदललेली नाही, एवढीच हमी ब्लॉकचेन देते. मुळात जे लिहिलं ते खरं होतं का, हे तिला कळायचा मार्ग नाही. रीफरमध्ये, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये, थंड हवा खालून, फरशीतल्या खाचांमधून येते आणि वरून परत जाते. लॉगर कूलिंग युनिटजवळच्या खालच्या पेटीत ठेवला तर तो सगळा प्रवासभर शून्याच्या आसपास दाखवत राहील, आणि दरवाजाकडच्या वरच्या पेट्यांतली द्राक्षं त्याच वेळी चांगली कोमट असू शकतात. त्यात प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) अर्धवट झालेलं असेल तर संपलंच. रीफर हा थंड माल थंड ठेवण्यासाठी असतो, गरम माल झटपट थंड करायची ताकद त्याच्यात नसते. मग तिकडे पेटी उघडली की सुकलेले तपकिरी देठ दिसतात आणि तुमच्या आलेखावर मात्र सरळ रेघ. अशी नोंद ब्लॉकचेनवर कायमची कोरून ठेवली तरी आयातदार ती का मानेल? म्हणून हवेचं तापमान आणि मण्याच्या आतल्या गराचं तापमान, दोन्ही घ्या, आणि निदान एक प्रोब (तापमान मोजणारं टोक) दरवाजाकडच्या वरच्या थरात ठेवा.

त्यानंतर त्या कंपनीला एक गोष्ट विचारा: आकडा ब्लॉकचेनवर पोचण्याआधी कुठून कुठून जातो? स्वस्तातले बरेच सेन्सर आकडा तसाच सर्व्हरला पाठवतात आणि सर्व्हर तो पुढे साखळीत लिहितो. म्हणजे सर्व्हर ज्याच्या हातात, त्याच्याच शब्दावर सगळं. आयातदाराच्या नजरेत ते हात तुमचेच असतात. यावर उपाय म्हणजे आकड्यावर डिजिटल सही जन्माच्या जागीच, लॉगरमध्येच व्हायला हवी. त्यासाठी मायक्रोचिपच्या एटीईसीसी६०८ सारख्या छोट्या चिप मिळतात. सही करायची खासगी किल्ली (एक गुप्त संख्या) चिपच्या आत असते, ती बाहेर काढता येत नाही. प्रत्येक नोंदीत चढता क्रमांक आणि आधीच्या नोंदीचा हॅश (नोंदीतून गणिताने काढलेला छोटा ठसा, नोंद जराशी बदलली तरी तो पूर्ण बदलतो) घातला की मधली एखादी नोंद गाळली तरी लगेच कळतं. भर समुद्रात नेटवर्क नसतं, दिवसचे दिवस डेटा लॉगरमध्येच साठतो, त्यामुळे खरी परीक्षा इथेच असते. आणि लॉगरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते अशाच न बदललेल्या पासवर्डांमुळे. तिथे कुठलीही ब्लॉकचेन कामी आली नसती.

एवढं झाल्यावर ब्लॉकचेनकडे वळू. प्रत्येक आकडा साखळीत लिहायची गरजच नाही. दर दहा मिनिटांनी एक नोंद म्हणजे दिवसाला १४४, आणि २५ दिवसांच्या प्रवासात ३,६००. (तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाज गेलं तर आणखी.) या सगळ्यांचे हॅश जोडीजोडीने एकत्र करत वर गेलं की शेवटी ३२ बाइटचा एकच हॅश उरतो. याला मर्कल ट्री म्हणतात. साखळीत फक्त हा शेवटचा हॅश जातो. पुढे वाद झाला आणि एक विशिष्ट नोंद अस्सल आहे हे दाखवायचं असेल, तर तिच्यासोबत १२ हॅश दिले की पुरतं. मूळ डेटा तुमच्याकडे राहतो, त्याची एक प्रत आयातदाराला द्या.

यात एक बारकावा हमखास सुटतो. तापमानाच्या आकड्यांना जेमतेम काहीशे शक्यता असतात. त्यामुळे नुसता हॅश पाहून मूळ आकडा ओळखणं संगणकाला क्षणाचं काम आहे. प्रत्येक नोंदीत आधी एक मोठी यादृच्छिक संख्या मिसळा, मगच हॅश करा.

वेळेचंही तसंच. साखळीतला हॅश एवढंच सिद्ध करतो की डेटा त्या क्षणाच्या आधीचा आहे. किती आधीचा, ते नाही. म्हणून कंटेनर सील करताना बिटकॉइनच्या साखळीतल्या त्या वेळच्या ताज्या ब्लॉकचा (नोंदींच्या गठ्ठ्याचा) हॅश लॉगरच्या पहिल्या नोंदीत घाला. तो ब्लॉक तयार होण्याआधी त्याचा हॅश कुणालाच माहीत असू शकत नाही. तिकडे दार उघडल्यावर शेवटचा हॅश साखळीत गेला की अख्खा प्रवास दोन्ही बाजूंनी बांधला गेला. मला या सगळ्यातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. ओपनटाइमस्टॅम्प्स नावाची मोफत व्यवस्था हजारो लोकांचे हॅश एकत्र करून बिटकॉइनमध्ये नोंदवते. कल्पनाही जुनीच आहे. हेबर आणि स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये ती मांडली, आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीचा हॅश दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापून यायचा.

स्वतंत्र खासगी ब्लॉकचेनचा प्रस्ताव आला तर मात्र सावध राहा. तिचे सगळे नोड (साखळीची प्रत ठेवणारे संगणक) त्याच कंपनीकडे असतील तर तो साधा डेटाबेसच झाला. आणि सगळे पक्ष एकत्र आणणं किती अवघड आहे ते ट्रेडलेन्स नावाच्या ब्लॉकचेन व्यवस्थेत दिसलं. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी जहाज वाहतुकीसाठी २०१८ मध्ये ते आणलं, आणि जगभरातल्या कंपन्यांचं पुरेसं सहकार्य मिळालं नाही म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं.

म्हणून हंगामाआधीच आयातदाराशी बोला. प्रोब किती आणि कुठे, नोंद दर किती मिनिटांनी, लॉगरची सार्वजनिक किल्ली (सही तपासायला लागणारी) त्याच्याकडे कधी पोचेल आणि क्लेमच्या वेळी कोणत्या नोंदी धरायच्या, हे करारात लिहून घ्या. शक्य असेल तर लॉगर त्यालाच निवडू द्या. त्याने निवडलेल्या उपकरणाच्या नोंदी नाकारणं त्यालाच जड जाईल.