बगर दोन माशांत उसवतो आणि ट्राउट मागे येऊन परत जातो, त्यावर

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीतल्या साउथ ब्रँच रॅरिटन नदीवर तुमचा वूली बगर (गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं नकली आमिष, म्हणजे फ्लाय) दोन मासे लागले की उसवतो, ब्राउन ट्राउट मासा मागे मागे येतो पण लागत नाही, तर आता कुठले नवे स्ट्रीमर (पाण्याखाली ओढायचे, छोट्या माशासारखे दिसणारे फ्लाय) बांधू? माझं ऐका, नवं काही बांधू नका. हाच बगर नीट बांधा आणि डाव्या हाताला वळण लावा.

आधी उसवण्याचं. ट्राउटला जिभेवर आणि टाळूवरही दात असतात. बगरच्या अंगाभोवती गुंडाळलेल्या हॅकलच्या, म्हणजे कोंबड्याच्या पिसाचा कणा एका जागी तुटला की सगळे वेढे सुटतात. बहुतेक जण पीस शेपटीकडे बांधून पुढे गुंडाळत आणतात आणि डोक्याशी दोऱ्याने आवळतात, त्यात मधल्या कण्याला काहीच आधार नसतो. मी उलटं करतो. बारीक तांब्याची तार शेपटीशी बांधून लोंबती ठेवायची. शनील (अंगाचा मऊ, लवदार दोरा) पुढे आणून बांधायचं. हॅकल डोक्याशी, जाड टोकाकडून बांधायचं आणि पाच-सहा मोकळ्या वेढ्यांत मागे न्यायचं. तिथे तारेचे दोन वेढे देऊन पिसाचं टोक धरायचं, मग तीच तार हॅकलच्या विरुद्ध दिशेने, कणा दर वेढ्यात ओलांडत पुढे आणायची. तार ओढताना थोडी डावी-उजवी हलवत राहा, म्हणजे पिसाचे केस तिच्याखाली दबत नाहीत. असा बांधलेला बगर माझ्याकडे मोसमभर टिकतो. कणा तुटला तरी तार बाकीचं धरून ठेवते.

शेपटीकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण ‘मागे येतो पण लागत नाही’ याचं अर्धं उत्तर तिथे आहे. शेपटीचं मऊ पीस, म्हणजे मॅराबू, बांधायच्या आधी ओल्या बोटांनी दाबून मोजा. कोरडा मॅराबू फुगीर दिसतो आणि फसवतो. लांबी गळाच्या दांडीएवढी पुरे. दीडपट झाली की मासा नुसती शेपटी चावतो, गळ त्याच्या तोंडात जातच नाही. जास्तीचा मॅराबू कात्रीने कापू नका, ब्रशसारखं सपाट टोक राहतं. नखांनी चिमटीत धरून तोडा, टोकं आपोआप विरळ होतात. मग फ्लाय पाण्याच्या पेल्यात बुडवून हलवा. शेपटी गोंड्यासारखी एकत्र हलली तर मॅराबू जास्त झालाय, निम्मा काढा. वजनाची तार दांडीच्या पुढच्या अर्ध्या भागातच गुंडाळा, दहा-बारा वेढे. म्हणजे ओढ थांबली की डोकं खाली जातं आणि शेपटी वर उघडते.

हा फ्लाय रसेल ब्लेसिंग यांनी 1967 मध्ये पेनसिल्व्हेनियात बांधला, तेव्हा त्यांना डॉब्सनफ्लाय या किड्याची पाण्यातली अळी दाखवायची होती, तीही स्मॉलमाउथ बास या माशासाठी. ट्राउटला त्यात स्कल्पिन (तळाशी राहणारा छोटा मासा) दिसतो, क्रेफिश (गोड्या पाण्यातला शेवंडासारखा प्राणी) दिसतो, जळू दिसते. तुम्ही तो कसा हलवता त्यावर ते ठरतं. स्कल्पिनला हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो पोहत राहत नाही. तळाशी एक झेप घेतो आणि बसतो, पुन्हा झेप, पुन्हा बसतो. तुम्ही एका लयीत लाइन ओढत असाल तर तसा मासा त्या नदीत नाहीच! दोन छोट्या ओढी, मग थांबा. मनात दोन मोजा. घेणारा मासा बहुतेक त्या थांब्यातच घेतो.

आता डावा हात. माझं लहानपण देवगडच्या खाडीकाठी गेलं. तिथे गरवायला काठी नव्हती. तंगूस (नायलॉनचा दोरा) बोटावर, टोकाला शिसं आणि गरी, म्हणजे गळ. तांबोशी माशाने ओढलं की हाताने सरळ मागे हिसका द्यायचा. पुढे पेनसिल्व्हेनियात ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा फ्लाय वापरायला शिकलो आणि मासा दिसला की रॉड वर उचलायची सवय लागली. मग तिथल्या लिटल जुनियाटा नदीवर, पावसानंतर पाणी चहासारखं गढूळ झालेलं असताना, बुडालेल्या ओंडक्याखालून एक ब्राउन बाहेर आला. पिवळं पोट आडवं झालेलं मला स्पष्ट दिसलं. मी रॉड उचलला आणि फ्लाय त्याच्या तोंडासमोरून पाण्याबाहेर. तो पुन्हा आला नाही. ती चूक मला अजून लागते, कारण लहानपणी जे हाताला येत होतं तेच मी विसरलो होतो.

म्हणून रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं ठेवा, लाइन उजव्या हाताच्या तर्जनीखाली, आणि मासा आला की डाव्या हाताने लांब ओढा. रॉड मासा जड लागल्यावरच वर. हिसका चुकला तरी फ्लाय फूटभरच सरकतो. तो तिथेच खाली बसू द्या. ट्राउट आधी धडक देऊन सावजाला गांगरवतो आणि मग गिळायला वळतो, त्यामुळे दुसरी संधी बऱ्याचदा मिळते.

लीडरचं, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक दोऱ्याचं, थोडक्यात: बुडणारं टोक असलेली लाइन वापरत असाल तर लीडर चार फुटांपेक्षा लांब नको, नाहीतर लाइन तळाशी आणि फ्लाय वर तरंगतो. जाडी 1एक्स किंवा 2एक्स (एक्सचा आकडा जितका लहान तितका दोरा जाड). गाठ न सरकणाऱ्या फासाची बांधा, घट्ट आवळलेल्या गाठीने डोकं ताठ राहतं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल तर त्या दिवशी ट्राउटच्या मागे जाऊ नका, सोडलेला मासाही मरू शकतो.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उथळ पाण्यात खड्यांचे घासून उजळ झालेले पट्टे दिसले तर तिथे पाय ठेवू नका, गळही टाकू नका. त्यात ब्राउनची अंडी असतात. त्या दिवसांत खोल काठाला, मुळांच्या सावलीत टाका.